काहीच आवाज येत नाही

आमच्या धंद्यात सगळ्यात भीतीदायक वाक्य कुठलं? "सिस्टीम बंद पडली" हे नक्कीच नाही. बंद पडलेली सिस्टीम परवडली. ती समोर आडवी पडलेली असते, कुठे पळून जात नाही. खरी धडकी भरते ती "कधी कधी चालत नाही" या वाक्याने. कधी कधी म्हणजे कधी? ते माहीत नाही. काय केल्यावर? काहीच केलं नव्हतं. मग परत चालू कसं झालं? आपोआप! आता बोला.

असा एक बग मागच्या हिवाळ्यात आमच्या वाईच्या घरी निघाला. सॉफ्टवेअरमध्ये नाही, बाबांच्या गाडीत. तेरा वर्षांची, चार सिलिंडरची साधी पेट्रोल हॅचबॅक. तक्रार एका ओळीची : सकाळी कधी कधी सेल्फ घेत नाही.

आता यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. पुण्यात गाडी सुरू झाली नाही तर आपण खांदे उडवून रिक्षा बोलावतो. वाईला सकाळी सहाला ते जमत नाही. आईची दर महिन्याची तपासणी साताऱ्याला असते, वाईपासून पस्तीसेक किलोमीटर, आणि डॉक्टरांची वेळ सकाळची. मी पुण्यात, ताई बंगळूरला. म्हणजे ती गाडी हाच आईबाबांचा मुलगा आणि तीच मुलगी. त्यात ताईने फोनवर विषय काढलाच होता, "विकून टाका ना आता, कशाला या वयात ड्रायव्हिंग." त्यावर बाबा काहीच बोलले नाहीत. फोन आईकडे दिला.

तर प्रश्न नुसता गाडीचा नव्हता.

थोडं सेल्फबद्दल सांगतो. पुस्तकात त्याला स्टार्टर मोटर म्हणतात, पण गॅरेजमध्ये असं म्हटलंत तर पोरगा तुमच्या तोंडाकडे बघेल. तिथे तो सेल्फ. 'सेल्फ-डायनामो रिपेअरिंग' अशा पाट्या हायवेला अजून दिसतात, जरी गाड्यांमधला डायनामो जाऊन अल्टरनेटर आल्याला जमाना लोटला. हा 'सेल्फ' शब्द 'सेल्फ स्टार्टर'मधला उरलेला तुकडा. त्याआधी गाडी स्वतःहून सुरू होत नसे, तिला पुढून हँडल मारावं लागे. आणि ते हँडल भलतंच द्वाड. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. म्हणून हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीत गुंडाळायचा नाही, असं जुने ड्रायव्हर नव्या पोरांना शिकवत.

१९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये विजेचा सेल्फ आला. तो बनवणारा इंजिनियर चार्ल्स केटरिंग. त्याआधी लोकांचं म्हणणं असं, की इंजिन फिरवायला लागणारी मोटर इतकी मोठी होईल की ती गाडीत मावणारच नाही. केटरिंगने आधी दुकानातल्या गल्ल्याच्या मशीनला विजेची मोटर बसवली होती. तिथे त्याने एक गोष्ट हेरली होती : ही मोटर दिवसभर चालवायचीच नाहीये. तिने काही सेकंद जीव तोडून काम करायचं आणि मग गप्प बसायचं. मग छोटी मोटर घ्या आणि तेवढ्यापुरता तिच्यावर भरपूर बोजा टाका! तोच हिशेब त्याने गाडीत वापरला. हे 'काही सेकंद' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता चावी फिरवल्यावर काय होतं ते बघू. चावीतून जाणारा करंट बारीक असतो. तो जातो सेल्फच्या पाठीवर बसलेल्या सोलेनॉइडमध्ये. सोलेनॉइड दोन कामं करतो, आणि ती ठरलेल्या क्रमाने करतो. आधी एक दांडा खेचून सेल्फचं छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, पुढे ढकलतो. ते इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या दातेरी रिंगमध्ये जाऊन बसतं. दांडा शेवटपर्यंत गेला की त्याच्या मागची तांब्याची चकती दोन जाड टोकं जोडते, आणि बॅटरीचा खरा करंट मोटरमध्ये घुसतो. छोट्या गाडीलाही शंभर-दोनशे अँपिअर. मोटर फिरते, पिनियन फिरतं, रिंग फिरते, इंजिन फिरतं. आधी हातात हात, मग ओढणं. :-)

पण इंजिन सुरू झाल्यावर काय? रिंगला पिनियनच्या साधारण बारापट दाते धरा. थंड इंजिन सुरू झाल्याझाल्या मिनिटाला बाराशे-पंधराशे फेरे घेतं. म्हणजे पिनियन अजून अडकलेलं असेल तर ते मिनिटाला पंधरा-अठरा हजार फेरे फिरणार! हा वेग मोटरपर्यंत पोचला तर तिच्या चिंधड्या उडतील. म्हणून मधे एकदिशा क्लच असतो. सायकलच्या फ्रीव्हीलसारखाच. पेडल पुढे मारलं की चाक ओढलं जातं, पेडल थांबवलं तरी चाक आपलं फिरत राहतं. तसंच इथेही मोटर इंजिनाला ओढू शकते, पण इंजिन मोटरला ओढू शकत नाही. आत छोटे रोलर असतात, ते एका दिशेला पाचरीसारखे अडकतात आणि दुसऱ्या दिशेला सुटतात. हा क्लच आणि पिनियन मिळून जो भाग होतो त्याला गॅरेजमध्ये 'बेंडिक्स' म्हणतात. व्हिन्सेंट बेंडिक्स नावाच्या माणसाची रचना वेगळी होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

एवढी साखळी कळली की सेल्फ हा गाडीतला सगळ्यात बोलका पार्ट आहे हे लक्षात येतं. साखळी कुठे तुटली ते तो आवाजाने सांगतो.

चावी फिरवली आणि टक-टक-टक-टक अशी ताशाची काडी वाजली, तर बॅटरी उतरलेली किंवा तिचं टोक सैल. सोलेनॉइड ओढला जातो, मोटर करंट मागते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत येतं, परत ओढला जातो... हे चक्र.

एकच ठसठशीत 'टक' आणि मग शांतता, तर सोलेनॉइड हलला पण पुढे करंट गेला नाही. आतली तांब्याची टोकं जळालेली, मोटरचे कार्बन झिजलेले, नाहीतर इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी गंजलेली.

दगडावर पत्रा घासल्यासारखं 'खर्रर्र', तर पिनियन आणि रिंगचे दाते नीट बसत नाहीत.

मिक्सर रिकामा फिरवल्यासारखा बारीक 'सूंऽऽ', आणि इंजिन मात्र ढिम्म, तर मोटर फिरतेय पण पकड नाही. क्लच घसरतोय, किंवा पिनियन पुढे ढकलणारा फाटा मोडलाय, किंवा रिंगचे दाते त्या जागी गेलेत.

आणि काहीच आवाज नाही, टकसुद्धा नाही, तर करंट सोलेनॉइडपर्यंत पोचतच नाही. बॅटरी पूर्ण मेलेली, चावीचा स्विच, रिले, किंवा सोलेनॉइडला येणारी बारीक वायर.

बाबांना मी पहिल्याच फोनवर विचारलं, "आवाज कसा येतो?"

"काहीच आवाज येत नाही. दिवे लागतात. चावी फिरवतो. शांत."

झालं. पाचवा प्रकार. वाईतल्या एका गॅरेजनेही हेच ऐकलं. थंडीची सकाळ, आवाज नाही, बॅटरी चार वर्षांची. त्यांनी बॅटरी बदलली. त्यात गैर काही नाही, तिचं वय झालंच होतं. दहा दिवस गाडी एका चावीत सुरू झाली. सगळ्यांनी टिकट क्लोज केलं. अकराव्या दिवशी परत "कधी कधी". मग रिले बदलला. परत आठवडाभर शांतता, परत तेच. गॅरेजमध्ये गाडी नेली की दर वेळी पहिल्या झटक्यात सुरू व्हायची, कारण तिथे पोचेपर्यंत सकाळचे दहा वाजलेले आणि इंजिन गरम. आमच्याकडे यालाच म्हणतात, 'माझ्या मशीनवर चालतंय'. शेवटी ते म्हणाले, पूर्ण सेल्फ असेंब्ली नवी टाका, नाहीतर गाडीच बदला. ताईचा फोन आलाच.

इथे एक गोष्ट आमच्या बाजूने होती. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. धोम धरणाच्या पाण्याच्या नोंदींमध्ये त्यांची उमेद गेली. त्यांना मी म्हटलं, "बाबा, प्रत्येक वेळी गाडी सुरू कराल तेव्हा लिहून ठेवा." एवढंच म्हणायचा अवकाश, त्यांनी शंभर पानी वही आणून पट्टीने रकाने आखले. तारीख, वेळ, गाडी थंड की गरम, कितव्या चावीला सुरू झाली, आवाज, शेरा. असा लॉग मला आमच्या टीममध्ये कोणी दिला तर मी त्याला वडापाव पार्टी देईन.

तीन आठवड्यांच्या एकेचाळीस नोंदी त्यांनी मला फोटो काढून पाठवल्या. त्यात सात वेळा गाडी अडली होती. सातही वेळा सकाळी आठच्या आत. दर वेळी तीन-चार-पाच चाव्या फिरवल्यावर सुरू झालेली, धक्का न मारता. आणि आवाजाच्या रकान्यात सातही वेळा सुवाच्य अक्षरात एकच शब्द : नाही.

'नाही' म्हटल्यावर सगळा शोध चावी, स्विच आणि वायरकडे जातो. पण यात एक गोष्ट जुळत नव्हती. तुटकी वायर किंवा खराब स्विच सकाळी आठचं घड्याळ कशाला पाळेल? थंडीचा परिणाम होतो तो बॅटरीवर आणि ग्रीसवर. बॅटरी तर कोरी करकरीत.

पुढची पायरी मोजमाप. बाबांनी साताऱ्याहून एक डिजिटल मल्टिमीटर आणला, क्लिपावाला. रचना अशी ठरली : मीटरच्या क्लिपा बॅटरीच्या दोन टोकांना. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. बाबा आत बसून चावी फिरवणार. आई बॉनेटपाशी उभी राहून आकडे वाचणार. मी पुण्यात फोनवर, स्पीकर चालू. ओढणी-पदर, साडीचा काठ पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब, ही सूचना मी तीनदा दिली. आई म्हणाली, "मी कुकर लावता लावता तुझी बारावी काढलीय, मला शिकवू नकोस."

पहिले दोन दिवस गाडीने लाडात येऊन पटकन सुरू व्हायचं ठरवलं. पण तेही फुकट गेलं नाही, कारण चालू स्थितीचे आकडे मिळाले. आधी १२.५, चावी फिरवताना १०.६ पर्यंत खाली, इंजिन सुरू झाल्यावर १४.२. उत्तम. बॅटरी मजबूत, अल्टरनेटर चार्ज करतोय.

तिसऱ्या दिवशी, सकाळी साडेसहाला, बग सापडला.

"फिरवली," बाबा आतून ओरडले. "काही नाही. शांत."

"आई, आकडा?"

"बारा पॉइंट पाच... आता बारा पॉइंट शून्य... परत बारा पाच."

हा आकडा जरा नीट बघा. करंट पुढे जातच नसता, तर आकडा १२.५ वरून हललाच नसता. बॅटरी मेली असती, तर तो थेट आठ-नऊवर आपटला असता. इंजिन फिरलं असतं, तर आधीसारखा १०.६ च्या आसपास गेला असता. १२.० याचा अर्थ काहीतरी करंट खातंय, पण फारसं ओझं न उचलता. म्हणजे सेल्फची मोटर मोकळीच फिरत होती. आणि मोकळी फिरणारी मोटर गप्प बसत नाही.

मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "अरे, पण आवाज येतोय की! सूं करून. मिक्सरमध्ये काही न घालता फिरवल्यासारखा."

"कसला आवाज?" आतून बाबा. "काही आवाज नाही."

"अहो, येतोय! परत फिरवा बघू."

परत फिरवली. "हा बघ, हा!" आई म्हणाली. बाबा म्हणाले, "नाही."

मीटर आईच्या बाजूने होता.

एरवी बाबा गाडी काढत तेव्हा आई घराला कुलूप लावत असायची. ती गाडीत बसायची ती गाडी रस्त्यावर आल्यावर. म्हणून इतक्या दिवसांत साक्षीदार एकच होता.

आता आवाज 'सूं' आहे म्हटल्यावर सगळं गणितच बदललं. चावी, रिले, वायर, बॅटरी, सगळे निर्दोष सुटले. उरले तिघे : फाटा, रिंगचे दाते, क्लच. फाटा मोडला असता तर तो थंडी बघून मोडत-जुळत नाही. रिंगचे दाते? चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक वेळा फ्लायव्हीलच्या दोनच ठरावीक जागांपाशी येऊन थांबतं, म्हणून रिंग तिथेच जास्त झिजते, हे खरं. पण दाते गेले असते तर इंजिन जागचं हलेपर्यंत तीच झिजलेली जागा समोर राहिली असती. गिअर टाकून गाडी जरा पुढेमागे केली तरच फरक पडला असता. वहीत तर धक्का न मारता, नुसत्या चौथ्या-पाचव्या चावीला गाडी सुरू झालेली. आणि फक्त थंडीत. एकदिशा क्लचमधलं ग्रीस जुनं होऊन घट्ट झालं की थंडीत रोलर आपल्या पाचरीच्या जागी पटकन सरकत नाहीत. क्लच घसरतो. दोन-चारदा फिरला की थोडं ऊबदार होऊन पकडतो. वहीतल्या सगळ्या नोंदी या एका संशयिताशी जुळत होत्या. सगळ्या, आवाजाचा रकाना सोडून.

त्या शनिवारी मी सुरूर फाट्यावरून वाईला वळलो आणि बाबांना घेऊन साताऱ्याजवळच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. पत्र्याची टपरी, भिंतीवर आर्मेचर टांगलेले, दारात एक कुत्रं. मी वही, आकडे, क्लचचा संशय वगैरे सगळं सांगितलं. मिस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काढून बघू." हे वाक्य मला फार आवडलं. कुठल्याही थिअरीवर इतकं चांगलं उत्तर नाही.

त्यांनी आधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडवलं. मग वायरी, मग बोल्ट, आणि वीस मिनिटांत सेल्फ बाकावर. मोकळ्या झालेल्या भोकातून टॉर्च मारून, पोराला इंजिन हळूहळू फिरवायला लावून त्यांनी रिंगचे दाते पूर्ण गोल बघितले. थोडी झीज, पण धडधाकट. मग बेंडिक्स हातात घेऊन पिनियन एका बाजूला फिरवलं. मोकळं फिरलं, फिरायलाच पाहिजे. दुसऱ्या बाजूला फिरवलं. तिथे ते गच्च अडकायला हवं. ते जरा अडलं... आणि सरकलं. मिस्त्रींनी ते माझ्या हातात दिलं. मी फिरवून बघितलं. अडलं, आणि सरकलं. तीन आठवड्यांचा बग माझ्या तळहातावर होता.

आतलं ग्रीस वाळून चिक्कीसारखं झालं होतं. मिस्त्रींनी क्लचच्या धातूवर बोट ठेवलं. "हे बघा, निळं पडलंय. तापलाय हा. लई तापलाय." मग बाबांकडे वळून म्हणाले, "साहेब, गाडी सुरू झाल्यावर चावी लगेच सोडता ना?"

"सोडतो की," बाबा म्हणाले.

नवं बेंडिक्स टाकलं, कार्बन बदलले, बुश साफ करून तेल दिलं, सेल्फ बाकावरच बॅटरी लावून तपासला, परत बसवला. नव्या असेंब्लीचा जो आकडा गॅरेजने सांगितला होता त्याच्या तिसऱ्या हिश्श्यातही हे सगळं बसलं. मग मिस्त्री म्हणाले, "साहेब, आता तुम्हीच मारा सेल्फ."

बाबांनी चावी फिरवली. इंजिन अर्ध्या सेकंदात सुरू झालं. आणि बाबांचा हात चावीवर तसाच. एक. दोन. तीन. सेल्फ बारीक किंचाळत होता. मग त्यांनी चावी सोडली आणि समाधानाने आमच्याकडे बघितलं. "झाली सुरू."

मिस्त्रींनी त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

गाडी सुरू झाली हे आपल्याला कशावरून कळतं? सेल्फचा तो वरच्या पट्टीतला आवाज थांबतो आणि खाली इंजिनाची घरघर लागते. आपण ऐकतो तो बदल. पण ज्याला वरच्या पट्टीतला आवाज मुळात ऐकूच येत नाही, त्याला तो थांबल्याचं तरी कसं कळणार? त्यात आत ब्लोअर चालू. मग माणूस खात्री होईपर्यंत चावी धरून ठेवतो. दोन सेकंद, तीन सेकंद. तेवढा वेळ तो क्लच मिनिटाला पंधरा हजारांच्या वेगाने गरगरतो. असं रोज, दोन-अडीच वर्षं. केटरिंगचे ते 'काही सेकंद' आठवले? मोटर तेवढ्यासाठीच बनवलेली. तेरा वर्षांत झीज होतेच, पण निळं पडायला झीज पुरत नाही.

म्हणजे बिघडण्याचं कारण आणि बिघाड न सापडण्याचं कारण एकच होतं.

परतताना गाडी मीच चालवत होतो. पाचवडच्या पुढे बाबा म्हणाले, "मला वाटायचं, गाडीचाच आवाज कमी झालाय."

बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. पण माझ्या डोक्यात दुसराच एक लॉग उलगडत होता. फोन आला की "तूच बोल" म्हणून आईकडे देणं. ताईच्या छोटीचं बोलणं कळलं नाही की नुसतं हसणं. टीव्हीचा आवाज. घाटावरच्या मित्रांच्या गप्पांना जाणं हळूहळू बंद होणं. घरात सगळे म्हणायचे, रिटायर झाल्यावर माणूस जरा अबोल होतो. अबोलपणाचा त्यात काही संबंध नव्हता. त्यांना ऐकायला कष्ट पडत होते, आणि ते कष्ट करता करता माणूस थकून गप्प बसतो.

साताऱ्यात कानाची तपासणी केली. ऑडिओग्राम नावाचा तक्ता असतो, डावीकडे खालचे सूर, उजवीकडे वरचे. बाबांची रेघ डावीकडे जवळजवळ सरळ होती आणि उजवीकडे घाटासारखी खाली उतरली होती. वयानुसार ऐकू कमी येतं ते असंच, वरच्या सुरांपासून. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, पण स, श, च, फ यांची धार वरच्या पट्टीत. म्हणून अशा माणसाला आवाज येतो, शब्द येत नाहीत. मोठ्याने बोलून फारसा उपयोग नसतो. लहान मुलांचं आणि बायकांचं बोलणं आधी निसटतं. पुरुषाचं भारदस्त बोलणं, ट्रकचा हॉर्न, हे सगळं नीट ऐकू येत असतं, त्यामुळे त्या माणसाला स्वतःला कळतच नाही. त्याच्यासाठी जगाचाच आवाज कमी झालेला असतो.

बाबांना दोन्ही कानांना मशीन लागली. ती येईपर्यंतच्या तीन आठवड्यांसाठी आम्ही साधा उपाय काढला : कानावर भरवसा ठेवायचा नाही, आरपीएमच्या काट्यावर ठेवायचा. काटा उडी मारून हजाराच्या वर गेला की चावी सोडायची. बाबांना आकडा दिला की ते खूश असतात. काट्याने कधी फसवलं नाही.

मशीनची सवय व्हायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात कुकरची शिट्टी, वर्तमानपत्राची पानं, स्वतःच्याच चपला, सगळ्याचा त्यांना त्रास झाला. दोनदा मशीन डबीत गेली, दोनदा आईने परत काढायला लावली. मग एकदा साताऱ्याला जाताना वळणावर इंडिकेटर दिला आणि बाबांनी आईला विचारलं, "ही टिकटिक आधीपासून होती?"

गाडी विकायचा विषय ताईने परत काढला नाही. आता ती फोन करते तेव्हा बाबा स्वतः बोलतात, आणि तीच म्हणते, "बाबा, ठेवू का आता, मीटिंग आहे."

असो. तुमच्या घरी, गावाकडे, अशी गाडी असेल आणि ती कधी कधी अडत असेल, तर पार्ट बदलायच्या आधी तीन गोष्टी करा. चावी फिरवताना नेमका आवाज कसा येतो ते ऐका. बॅटरीवर मीटर लावून चावी फिरवतानाचा आकडा बघा. आणि एक वही ठेवा, कारण "कधी कधी"ला दुसरं औषध नाही. इंजिन सुरू झालं की चावी सोडा. सुरू होत नसेल तर दहा-पंधरा सेकंदांच्या वर धरून ठेवू नका, सेल्फला श्वास घेऊ द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "आवाज येत नाही" असं कोणी सांगितलं, तर शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही एकदा विचारा.

बाबांची वही अजून चालू आहे. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा चाळली. त्यांनी नवं पान आखलंय. 'आवाज' या रकान्याच्या मधून पट्टीने एक उभी रेघ मारलीय. डावीकडे लिहिलंय 'मला', उजवीकडे 'हिला'.